मालकांच्या नावावरचा घसा

त्याला सगळे भोंगा म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतंच, पण वापरात नसल्यामुळे ते अगदी नवंकोरं राहिलं होतं. गाद्यांच्या कारखान्याच्या मालकांचा तो ड्रायव्हर. त्याच्या गाडीला हॉर्न होता की नाही हे रस्त्यावर कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्याची कधी गरज पडली नाही. खिडकीतून डोकं काढून त्यानं एकदा "ओ काका, बाजूला!" म्हटलं की काका तर बाजूला व्हायचेच, शिवाय पुढच्या चौकातल्या दोन काकूही उगाच बाजूला व्हायच्या.

या आवाजाची खरी कदर होती त्याच्या बायकोला. ती त्याच कारखान्यात शिलाईच्या मशीनवर बसायची. वर्षानुवर्षं कानाशी धडधडून त्या मशीननं तिचे दोन्ही कान खाऊन टाकले होते. आता तिला दाराची कडी ऐकू येत नसे, शेजारीण ऐकू येत नसे (याचं तिला फारसं दुःख नव्हतं), पण नवरा ऐकू यायचा. तिच्यापुरता जगात बोलणारा माणूस तो एकच उरला होता. स्वतःचं बोलणंही तिला ऐकू येत नसल्यामुळे ती असं बोलायची, की त्यांची भांडणं सगळ्या मजल्याला तोंडपाठ होती.

आणि मग भोंग्याचा आवाज बसला.

आधी वाटलं सर्दी, मग वाटलं धूळ. महिने गेले तरी घशातून खरखरीशिवाय काही निघेना. घरात तो बोलायचा आणि बायको त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. हळूहळू ती कानांवरचा भरवसा सोडून ओठांवरून ओळखायला लागली. "तुमचं ऐकायची सवय मोडत चाललीय," ती एकदा म्हणाली. वरच्या मजल्यावरची बाई हसली, पण भोंग्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही. शेवटी बायकोनंच त्याला सरकारी दवाखान्यात पिटाळलं.

तिथली रांग फाटकातून बाहेर पडून सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जायची. रांगेच्या आतल्या टोकाला डॉक्टर मान खाली घालून लिहीत असायचे. भोंग्याला त्यांचा भांग तेवढा दिसला.

"काय होतंय?" भांगानं विचारलं.

"आवाज बसलाय, साहेब."

"मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. पुढचे या."

त्यानं गुळण्या केल्या. पुन्हा गेला, पुन्हा गुळण्या. घरातलं मीठ स्वयंपाकाला पुरेना. तिसऱ्या खेपेला तो टेबलापाशी हटूनच बसला, तेव्हा भांग म्हणाला, "घशात दुर्बीण घालून बघावं लागेल. आमची दुर्बीण दुरुस्तीला गेलीय. ही घ्या तारीख." तारीख अशी दूरची होती, की तोवर एखाद्याचं लग्न ठरून मोडून पुन्हा ठरलं असतं.

"तोवर काय करू?"

"गुळण्या," भांग म्हणाला.

इकडे मालकांचं वेगळंच चाललं होतं. मालक माणूस वाईट नव्हते, पण दोन गोष्टींना फार भीत. एक सुई आणि दुसऱ्या बाईसाहेब. कारखान्यात हातभर लांब दाभणं गाद्यांतून आरपार जायची, ते मालक चहा पीत बघायचे. पण स्वतःच्या दंडाजवळ बोटभर सुई आली की त्यांची बोबडी वळायची. बाईसाहेब दर वर्षी मोठ्या दवाखान्यात त्यांच्या संपूर्ण तपासणीची वेळ घ्यायच्या आणि दर वर्षी मालकांना त्याच दिवशी बाहेरगावी काम निघायचं. यंदा बाईसाहेबांनी निर्वाणीचं सांगितलं. इतर बायका माहेरी जायची धमकी देतात. यांनी सांगितलं, "यंदा तपासणी चुकली तर मी रोज कारखान्यात येऊन बसेन." मालकांच्या तोंडचं पाणी पळालं.

तपासणीच्या दिवशी गाडीत मागच्या सीटवरून त्यांनी हळूच विचारलं, "भोंग्या, तुझं वय काय रे?"

"तुमच्याएवढंच, मालक."

"आणि पोट?"

"तुमच्याएवढं कुठून असणार?"

"थोडं फुगवून चाललास तर?"

भोंग्यानं आरशात बघितलं. मालक हात जोडून बसले होते. मालकानं हात जोडलेले बघायची ड्रायव्हरला सवय नसते, त्यामुळे गाडी फुटपाथला घासता घासता वाचली. मग सगळा बेत ऐकल्यावर भोंग्यानं एकच गोष्ट विचारली. "मालक, तिथे घसा बघतात का?"

"अरे, टाळूपासून टाचेपर्यंत सगळं बघतात!"

"मग चालेल," भोंगा म्हणाला.

दवाखान्याच्या तळघरात गाड्या लावायची जागा होती. तिथे दोघांनी कपडे बदलले. मालकांचा शर्ट, घड्याळ आणि अत्तर भोंग्याच्या अंगावर आलं. भोंग्याची टोपी मालकांच्या डोक्यावर गेली. नाव मोठं आणि लक्षण खोटं म्हणतात, तसा भोंगा पोट पुढे काढून लिफ्टमध्ये शिरला.

वर गेल्यावर त्याला वाटलं आपण चुकून हॉटेलात आलो. सोफे होते, झाडं होती, मंद कसलंसं संगीत होतं. काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली, तिनं हसून ज्यूसचा ग्लास हातात दिला आणि "सर, प्रवासात त्रास नाही ना झाला?" असं विचारलं. आणि इथे सगळ्यांच्या माना वर होत्या. जो येई तो डोळ्यांत बघून बोले. भोंग्याला इतकं अवघडल्यासारखं झालं, की त्यानं दोनदा उठून दुसऱ्यांसाठी दार उघडलं.

रक्त काढणाऱ्या सिस्टरनं नाव विचारलं. भोंग्यानं घोगऱ्या आवाजात मालकांचं सांगितलं. ती थांबली. "सर, तुमचा आवाज नेहमीच असा असतो?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. भोंग्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सिस्टरला वाटलं सुई टोचली.

पुढचं सगळं भराभर झालं. घशाच्या डॉक्टरांनी त्याला लगेच आत घेतलं. इथली दुर्बीण दुरुस्तीला गेलेली नव्हती. एक चालू होती आणि दुसरी शेजारी काम नाही म्हणून झाकून ठेवली होती. औषध फवारून डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर बघत राहिले.

"कामाचा ताण फार असतो का, सर?"

"गाडी लावायला जागा मिळत नाही," भोंगा कसाबसा म्हणाला.

डॉक्टरांनी समजुतीनं मान हलवली. मग म्हणाले, "स्वरयंत्रावर एक छोटंसं काहीतरी दिसतंय. थोडासा तुकडा काढून तपासायला पाठवू. घाबरू नका, सर."

खाली तळघरात मालकांची वेगळीच तपासणी चालली होती. रखवालदारानं त्यांना "ए टोपी, गाडी काढ तिथून!" म्हणून तीनदा हुसकावलं. बऱ्याच वर्षांनी गाडी हातात घेतल्यामुळे त्यांनी एका खांबाचा रंग काढला. मग बाकीच्या ड्रायव्हरांनी त्यांना आपल्यात बसवून चहा पाजला. प्रत्येक जण आपापल्या मालकाला शिव्या घालत होता, तेव्हा मालकांनीही स्वतःच्या मालकाला यथेच्छ घातल्या. भोंगा परत आला तेव्हा त्यांना फार हलकं वाटत होतं.

चार-पाच दिवसांनी मोठ्या दवाखान्यातून बंगल्यावर फोन आला. फोन बाईसाहेबांनी घेतला.

भोंगा संध्याकाळी गाडी पुसत होता, तेवढ्यात त्याला आत बोलावलं. दिवाणखान्यात मालकांचे थोरले भाऊ, वहिनी, मेहुणे, व्याही अशी सगळी मंडळी लांबट चेहरे करून बसली होती. मधोमध मालक. त्यांच्या गळ्याभोवती दोन मफलर होते. बाईसाहेबांनी भोंग्याच्या हातात पाण्याचा ट्रे दिला आणि हुंदका आवरत म्हणाल्या, "सगळ्यांना पाणी दे रे. साहेबांना घशाचा कॅन्सर निघालाय."

ट्रेमधले ग्लास एकमेकांवर आपटले.

"नशीब म्हणायचं, फार लवकर सापडला," मेहुणे सांगत होते. "डॉक्टर म्हणाले, एवढासा ठिपका आहे. आत्ता काढला तर माणूस पूर्ण बरा होतो. असाच आणखी काही महिने राहिला असता तर सगळं स्वरयंत्र काढावं लागलं असतं."

भोंगा एकेकापुढे ट्रे धरत गेला. आणखी काही महिने म्हणजे सरकारी दवाखान्याची तारीख. वहिनी डोळे पुसत होत्या, व्याही मालकांची पाठ थोपटत होते. आजार त्याचा, घसा त्याचा, आणि रडारड सगळी दुसऱ्याच्या नावानं चालली होती. त्याला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मालकांचा हेवाही वाटला. त्याच्या पाठीवर कोणीच हात ठेवला नव्हता.

"आवाजही बघा कसा बसलाय यांचा," बाईसाहेब म्हणाल्या.

मालकांचा आवाज खरंच बसला होता. फोन आल्यापासून भीतीनं त्यांच्या घशातून हवाच तेवढी बाहेर येत होती.

थोड्या वेळानं हवा खायचं निमित्त करून मालक गाडीत येऊन बसले आणि रडायला लागले. "भोंग्या, तुला झालाय रे."

"कळलं, मालक. पाणी देताना कळलं."

"मी आहे. तुझ्या नावानं उद्याच तिथे जाऊ."

दुसऱ्या दिवशी गेले. भोंगा स्वतःच्या शर्टात काउंटरपाशी उभा राहिला. तीच मुलगी होती, ज्यूसवाली. तिनं वर न बघताच सांगितलं, "ड्रायव्हर लोकांनी खाली थांबायचं."

"मला डॉक्टरांना भेटायचंय. घशाचं."

मग समजलं, की त्याला पहिल्यापासून सगळ्या तपासण्या नव्यानं कराव्या लागतील, आधी मोठी रक्कम भरावी लागेल आणि त्यानंतर शस्त्रक्रियेची वेळ मिळेल. मालकांसाठी मात्र बाईसाहेबांनी फोनवरून सगळा दवाखाना दणाणून सोडला होता. त्यांची वेळ परवाचीच होती. भरायची रक्कम मालकांनी दिली असती, पण तिजोरीच्या किल्ल्या बाईसाहेबांच्या कमरेला होत्या आणि पैसे कशासाठी हवेत हे सांगितल्याशिवाय त्या हलत नसत.

"तुम्ही बाईसाहेबांना खरं सांगून टाका," भोंगा म्हणाला.

"सांगतो. नक्की सांगतो." मालकांनी खाली बघितलं. "पण समजा, नाही जमलं, तर माझ्याकडे एक बेत आहे."

बेत असा, की मालकांनी दवाखान्यात दाखल व्हायचं, कपडे बदलायच्या खोलीत भोंग्यानं मागच्या दारानं शिरायचं, तिथला गाऊन चढवून त्यानं आत जायचं आणि मालकांनी खुर्चीखाली लपायचं. ज्या दोन डोक्यांतून पहिला घोळ निघाला, त्यातूनच हाही निघाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्या संध्याकाळी भोंग्यानं बायकोला समोर बसवलं. तिचे हात हातात घेतले आणि ओठ सावकाश हलवत सगळं सांगितलं. ती त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती.

"कॅन्सर?" ती म्हणाली. तिच्या मानानं ती हळूच म्हणाली होती. पण वरच्या मजल्यावर भांडी पडल्याचा आवाज आला, आणि दोन मिनिटांत दारात सहा शेजारणी उभ्या राहिल्या. त्यांतली एक थेट आत आली आणि तिनं भोंग्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा कुठे भोंगा रडला.

"मी पण येणार," बायकोनं जाहीर केलं. ते कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही कळलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मालक गाडीत बसताना म्हणाले, "फाटकापाशी सांगतो तिला." फाटक गेलं. "लिफ्टमध्ये सांगतो." लिफ्टही गेली. बाईसाहेबांनी त्यांचा हात असा धरला होता, की बेताचे बाराच वाजले. कपडे बदलायच्या खोलीतही त्या बरोबर आत गेल्या, आणि मागच्या दारानं शिरलेल्या भोंग्याला त्यांनी "तू इथे कशाला? चपला घेऊन बाहेर थांब!" म्हणून हाकलून दिलं.

मालकांना गाऊन घालून चाकाच्या पलंगावर झोपवलं. शेवटी त्यांनी सगळं धैर्य एकवटलं आणि म्हणाले, "अगं, ऐक ना, मी..." तेवढ्यात सिस्टरनं हातात सुई घेतली. मालकांची दातखीळ बसली. पुढच्या क्षणी ते बेशुद्ध पडले.

"किती शांत पेशंट आहेत," सिस्टर कौतुकानं म्हणाली, आणि पलंग चालू लागला.

भोंगा मालकांच्या चपला हातात घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभा होता. पलंग त्याच्यासमोरून आत निघाला होता. आत गेला की मालकांचा धडधाकट घसा बघून डॉक्टर चक्रावणार, सगळ्यांना घरी पाठवणार आणि त्याचा ठिपका त्याच्या घशातच वाढत राहणार. मग पुन्हा रांग, तारीख आणि गुळण्या. त्यानं छाती भरून घेतली आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता इतक्या जोरात ओरडला, "थांबा! तो घसा माझा आहे!"

आवाज निघालाच नाही. थोडी खरखर झाली, तीही पलंगाच्या चाकांखाली गेली. सगळा रस्ता बाजूला करणाऱ्या माणसाला एक पलंग थांबवता येईना. रखवालदार त्याच्या दंडाला धरून म्हणाला, "ड्रायव्हर लोकांनी खाली थांबायचं."

पण बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली त्याची बायको त्याच्या ओठांकडे बघत होती. गेले कित्येक महिने ती दुसरं काही बघतच नव्हती. ती उठली.

"थांबवा तो पलंग!" तिनं आवाज लावला. "तो घसा माझ्या नवऱ्याचा आहे!"

काचा हलल्या. संगीत बंद पडलं. ज्यूसवाली मुलगी धावत आली, खालच्या मजल्यावरचे पेशंट जिन्यात जमले, आणि बेशुद्ध मालक दचकून उठून बसले. उठल्या उठल्या समोर बाईसाहेब दिसल्या, आणि त्यांनी एका दमात सगळं कबूल केलं. तळघर, टोपी, अत्तर, खांबाचा रंगसुद्धा.

घशाचे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी भोंग्याकडे बघितलं, मालकांकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मला चेहरे लक्षात राहत नाहीत," ते म्हणाले. "तोंडं उघडा दोघं." नळी आली. पहिल्यांदा मालक, मग भोंगा. "हा," डॉक्टर भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "हा घसा मी कुठेही ओळखीन."

सगळे बाईसाहेबांकडे बघत होते. त्यांनी नवऱ्याकडे असं बघितलं, की मालकांनी आपणहून चादर डोक्यावरून ओढून घेतली. मग त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "खोली घेतलीय, रक्कम भरलीय, तुम्ही हात धुतलेत. आता काय नुसतंच घरी जायचं? ज्याचा घसा आहे त्याचा कापा."

"पण नाव..." ज्यूसवाली म्हणाली.

"नाव खोडून याचं घाला," बाईसाहेब म्हणाल्या आणि भोंग्याकडे वळल्या. "नाव काय रे तुझं?"

इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. भोंग्यानं ओठ हलवले. बायकोनं त्याचं नवंकोरं नाव सगळ्या दवाखान्याला ऐकवलं.

"आणि ह्यांची पण सगळी तपासणी आजच करा," बाईसाहेब चादरीकडे बोट दाखवत म्हणाल्या. "सुई मोठ्यातली घ्या."

ठिपका निघाला. बरेच दिवस बोलायची मनाई होती, ती त्या घरात फारशी जाणवली नाही. बायको दोघांचंही बोलत होती. पुढे आवाज परत आला, पण सगळा नाही. काका आता बाजूला होत नसत, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा भोंगा हॉर्न वाजवायला शिकला.

मग एके दिवशी सरकारी दवाखान्याची तारीख उजाडली.

"कशाला जायचं आता?" बायको म्हणाली. पण एवढी वाट बघून मिळालेली तारीख वाया घालवणं भोंग्याच्या जिवावर आलं. दोघं जाऊन रांगेत उभी राहिली. रांग सायकलच्या दुकानापर्यंत होती. पुढे एक भाजीवाली होती. तिनं मागे वळून काहीतरी विचारलं, आणि तिच्या घशातली ती खरखर ऐकून भोंग्याच्या अंगावर काटा आला.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"वर्ष होत आलं. ओरडल्याशिवाय भाजी खपत नाही, दादा. गुळण्या चालू आहेत."

भोंग्यानं रांगेकडे बघितलं. भाजीवालीला कोणी मालक नव्हता, सुईला भिणारा तर नाहीच. आणि समजा असता, तरी या सगळ्या रांगेला पुरतील इतके भित्रे मालक आणायचे कुठून?

भाजीवाली टेबलापाशी पोचली. "गुळण्या चालू ठेवा," भांग म्हणाला. "पुढचे या."

भोंग्यानं बायकोच्या बाहीला ओढलं आणि तिच्याकडे तोंड करून ओठ हलवले. तिनं मान डोलावली आणि छाती भरून घेतली.

"डॉक्टर! मान वर करा आणि हिच्या घशात बघा!"

डॉक्टरांच्या हातातलं पेन उडालं. त्यांनी मान वर केली. तो चेहरा भोंग्यानं पहिल्यांदाच बघितला. अगदी कोवळा पोरगा होता, आणि त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"काय बघू, मावशी?" तो रडवेला होऊन म्हणाला. "दुर्बीण अजून आलीच नाही हो. मी तीनदा सांगितलं वर. माझं कोणी ऐकत नाही."

भोंग्यानं ते ओठांनी बायकोपर्यंत पोचवलं. तिनं पोराकडे जरा वेळ बघितलं.

"कोणाला ओरडायचं ते सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उचललं आणि त्याच्या टोकानं वरच्या मजल्याकडे दाखवलं. भोंग्यानं बायकोचा हात धरला आणि दोघं जिन्याकडे वळली. त्यांच्या मागून भाजीवाली निघाली, तिच्या मागून खोकणारे एक आजोबा, त्यांच्या मागून आणखी कोणी. आणि फाटकाबाहेर सायकलच्या दुकानापाशी उभ्या असलेल्या शेवटच्या माणसाला वाटलं, आज रांग भलतीच भराभर सरकतेय.